दोन ओळींपुरतं गाणं

माझा थोरला भाऊ खंडाळ्यातल्या एका हॉटेलची गाडी चालवायचा. मागच्या वर्षी घाटात अपघातात गेला. हॉटेलवाल्यांनी तेरावं होईपर्यंत दम धरला आणि मग निरोप पाठवला, दादाच्या फोनमधलं सिमकार्ड हॉटेलचं आहे, नव्या ड्रायव्हरला द्यायचंय. माझं डोकंच फिरलं. पण कार्ड होतं त्यांचंच, बोलणार काय?

वहिनीला कार्डाचं काही नव्हतं. दादाला फोन लावला की कानात जी कॉलर ट्यून वाजायची, ती तिला हवी होती. गाणं वरातीत नाचायचं, अगदीच थिल्लर. दादाने कुणाला तरी फोन लावताना ते ऐकलं आणि स्टार दाबून घेतलं. पुढे त्याच्या कानावर ते पडलंही नसेल, स्वतःच्या नंबरवर कोण फोन लावतो? मी त्याला त्यावरून फार छळलं होतं.

"भाऊजी, कार्ड जायच्या आत त्येवढं गाणं शोधून द्या," वहिनी म्हणाली. "मला त्याचं नावबी म्हाईत न्हाई."

माझ्या मोबाइलमध्ये गाणं ओळखणारं अ‍ॅप होतं. गाणं नुसतं ऐकवायचं, ते नाव सांगतं. बेडशात आमच्या घरात रेंज येत नाही, म्हणून दुपारी अंगणात बाज टाकली. दादाचा फोन अपघातापासून बंदच होता. त्याच्यावर साधा ओरखडाही नव्हता, आणि मला त्याचाही राग येत होता. तो चार्ज करून, सायलेंटवर टाकून बाजेवर ठेवला. वहिनीच्या फोनवरून त्याला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि माझा मोबाइल जवळ धरला. दादाच्या फोनवर 'घर' अशी अक्षरं उमटली.

गाणं सुरू होतंय तोच कंपनीची बाई मध्ये बोलली, हे गाणं हवं असेल तर स्टार दाबा. अ‍ॅपला काही कळेना. मी त्या बाईला शिवी हासडली, वहिनीदेखत.

पुन्हा लावला. या वेळी बाईचं आटपेपर्यंत अ‍ॅप चालूच केलं नाही. थोड्या वेळाने गाण्याचं नाव आलं, गायकाचं आलं, सिनेमाचंही आलं. मला आनंद झाला, लाज वाटावी इतका.

"सापडलं, वहिनी!"

तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती दादाच्या फोनकडे बघत होती.

"पुढं एवढं गाणं हाय व्हय?"

"म्हणजे?"

"मला दोनच ओळी म्हाईत. तिसरी लागायच्या आत ह्ये उचलायचे. गाडी बाजूला घिऊन उचलायचे, पन उचलायचे."

गाणं वाजतच होतं. बाजेवर दादाचा फोन थरथरत होता. कट करायला माझं बोट पुढे होईना.

"बंद करा, भाऊजी," वहिनी म्हणाली. "उचलत न्हाई कुनी."