मोतीरामच्या चालचलणुकीची हमी

ता. ३ नोव्हेंबर १९१८. शाळेच्या पडवीत रोगी सव्वीस; सूर्यास्ताला जिवंत पंचवीस.

गाव मोताळ्याहून दोन कोसांवर. इन्फ्लुएंझाच्या साथीत घरेच्या घरे आडवी झाली होती. ज्यांच्याकडे पाहणारे कोणी उरले नव्हते, अशांना फिरतीवरच्या डॉक्टरांनी शाळेच्या पडवीत आणून ठेवले. औषध थोडे होते. उठवणारे आणि धुणारे हात त्याहून थोडे. जे दोन हात आपण होऊन पुढे आले ते मोतीराम माळ्याचे, आणि तो त्याच उन्हाळ्यात अकोल्याच्या तुरुंगातून सुटून आला होता.

मोतीराम अपराधी होता, हे आरंभीच सांगितले पाहिजे. निरपराध माणसाला काम द्यावे हे कोणालाही पटते. त्यात समाजाची परीक्षा होत नाही. पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून पहिली जोडी पाटलांची जावी, हा त्या गावचा मान. एका वर्षी मोतीरामने आपली जोडी पुढे घातली. भगवानराव पाटील आडवे आले, तेव्हा त्याने हातातली बैल हाकायची पराणी उलटी धरून त्यांच्या खांद्यावर हाणली. हाड मोडले. मिळालेली सक्तमजुरी रास्तच होती, असे तो स्वतः म्हणे. बैल मात्र आपलेच देखणे होते, एवढे मागाहून म्हणे.

तुरुंगात त्याला इस्पितळाच्या कामाला लावले. फडकी उकळावी, अंग पुसावे, निजलेल्याला कुशीवर वळवावे. भाजीच्या वाफ्यांवर वाढलेली त्याची निगा तिथे माणसांकडे वळली, ती वळलीच. सुटून आल्यावर भाऊ मळा वाटून द्यायला तयार होता, पण मोतीरामला दवाखान्यातच काम हवे होते. मोताळ्याला लोकवर्गणीतून एक लहान दवाखाना निघत होता. त्याच्या कमिटीची अट एकच: उमेदवाराच्या चालचलणुकीची हमी गावच्या पाटलाने समक्ष येऊन द्यावी. पाटील म्हणजे भगवानराव. मोतीराम एकदा त्यांच्या दारापर्यंत गेला आणि ओट्यावर कुत्रे बसले आहे म्हणून परत आला. ते कुत्रे आंधळे आणि म्हातारे होते, असे त्याची बायको आशाबाई ज्याला त्याला सांगत असे.

पडवीत तो तुरुंगाची शिस्त घेऊनच शिरला. सकाळी दार उघडताना आणि संध्याकाळी दिवा लावताना तो रोग्यांची मोजदाद करी. सोजराबाई नावाच्या म्हातारीला त्याचे भारी हसू येई.

“काऊन मोजतं बे घडीघडी? आम्ही काय भिंत चढून पळून जाऊन राह्यलो?”

खरी अडचण पेजेची निघाली. आवतण आल्यावाचून कोणाकडे जेवायला बसणे म्हणजे भीक, अशी या शेतकरी घरांची पक्की समजूत. पडवीतली पेज सरकारी. तिला ना घर, ना यजमान, मग आवतण देणार कोण? तापाने अर्धमेली झालेली माणसे मानापायी भिंतीकडे तोंड करून निजत. डॉक्टरांनी समजावले, मग ते रागावले. त्या समजुतीला हसणे सोपे आहे. परंतु ज्यांच्यापाशी दुसरे काही उरले नाही त्यांनी एवढे तरी जपावे, यात हसण्यासारखे काय आहे, हे मला कधी कळलेले नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वऱ्हाडात बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. एका संध्याकाळी मोजदाद झाल्यावर मोतीराम रोग्यांजवळ गेला आणि एकेकाच्या खांद्याला हात लावून तेच शब्द म्हणू लागला:

“आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.”

सुरुवात त्याने सुभद्राबाईंपासून केली. त्या भगवानरावांच्या आई. घरात चूल पेटवायला कोणी उभे न राहिल्यामुळे त्यांनाही पडवीत आणले होते. पहिला मान पाटलांच्या घरचा, हे या खेपेला तो विसरला नाही. सुभद्राबाईंनी मान वळवली.

“काऊन बे, आम्ही काय तुह्ये बैल हाओत?”

“बैल बरे, माय. ते वैरनीले नाही म्हनत नाहीत.”

पडवीत हसू उठले आणि खोकल्यात बुडाले. सकाळी पहिला वाडगा सुभद्राबाईंनी घेतला. आवतण घेऊन न जेवणे हाही यजमानाचा अपमानच असतो. पाटलांच्या आई जेवल्या म्हटल्यावर इतरांची आडकाठी संपली.

पाटलांची म्हातारी बरी होऊन घरी गेली, ती लेकाशी भांडायलाच. इतके दिवस अंथरुणाला खिळूनही आपल्या पाठीला एक व्रण नाही, हे तिने त्याला ऐकवले. तुझा एक खांदा मोडला, तर त्याने माझी सबंध पाठ राखली, हिशेब कर, असेही सुनावले. मोताळ्याच्या पुढच्या बाजारी भगवानराव कमिटीपुढे जाऊन उभे राहिले. मोतीराम दाराबाहेर मुंडासे सोडीत आणि बांधीत होता.

कमिटीचे अध्यक्ष वामनराव वकील यांनी विचारले, हा मनुष्य पुन्हा कोणावर हात उचलणार नाही, अशी हमी तुम्ही देता काय? भगवानराव म्हणाले:

“तशी हमी कशी देऊ, साहेब? पोयाच्या दिवशी त्याचे बैल मांगं सारा, उचलीनबी. पन निजलेल्या मानसावर त्यानं कधी हात उचलला नाही. अन् दवाखान्यात तं सारे निजलेलेच असतात.”

वामनरावांना हसू आवरले नाही. इतकी खरी हमी कमिटीला पुन्हा कधी मिळाली असेल, असे वाटत नाही. मोतीराम त्याच दिवशी कामाला लागला.

पुढे दिवेलागणीला खाटाखाटांवर आवतण देणे हा त्या दवाखान्याचा रिवाजच होऊन गेला. लांबच्या गावांहून आलेले रोगी, औषध मिळाले का यापेक्षा आवतण झाले का, हे आधी विचारीत. आज मोतीराम थकला आहे, आणि आशाबाई त्याला बसल्या जागी पेज देताना तेच शब्द ऐकवते.

कमिटीने त्याला हंगामी म्हणून घेतले आणि दर वर्षी हंगामी म्हणूनच ठेवले; शिक्षा झालेल्याला कायम करता येत नाही, हे कारण, आणि हंगामीला निवृत्तिवेतन नाही. न्यायालयाने दिलेली शिक्षा त्याने पूर्ण भोगली. चोवीस वर्षांच्या नोकरीचे त्याचे निवृत्तिवेतन अद्याप देणे आहे.