अठ्ठावनचा लेफ्ट बॅक

देवमन बडनेऱ्याला माझ्याच गँगमध्ये होता. रुळाखाली खडी ठोकायचं काम जोडीनं करावं लागतं. रुळाखालच्या आडव्या स्लीपरच्या एका बाजूला एक माणूस, समोर दुसरा. दोन्हीकडचे घाव सारखे पडले नाहीत तर रूळ एका अंगाला बसतो. देवमनच्या समोर मी अकरा वर्षं उभा राहिलो. एक आठवडा सोडला, तर त्याचा घाव हलका पडलेला मला आठवत नाही. हे त्या आठवड्याचं आहे.

एकाच बाजूनं ठोकून खांदा जातो. म्हणून दुपारची भाकर झाली की मुकादम ओरडायचा, "पलट!" मग आम्ही बाजू बदलायचो.

हॉकीतही आमची जोडी होती. दोघे बॅक. तो लेफ्ट, मी राइट. दर हिवाळ्यात बडनेऱ्याला रेल्वेवाले, जिनिंगवाले, कॉलेजवाले यांचे सामने व्हायचे. शेवटी सगळ्यांतल्या उत्तम खेळाडूला कप मिळायचा. अठ्ठावन साली अंतिम सामन्यात आम्ही अकोल्याच्या संघाला एका गोलानं हरवलं आणि कप देवमनला मिळाला. त्याच्या बायकोनं, मैनाबाईनं, तो बुद्धाच्या तसबिरीखाली फळीवर ठेवला. घरी आलेल्याला पाणी नंतर, कप आधी दिसायचा.

चौसष्ट साली स्पर्धेला दहा वर्षं झाली. कमिटीनं ठरवलं, दहाही नावं फळ्यावर रंगवून हॉलमध्ये लावायची. रंगवल्यावर पुसता येणार नाही, म्हणून आधी एका रविवारी सगळ्यांना बोलावलं. कोणाचा कप खरा, कोणाचा नाही, ते तोंडावर बोला.

आधीच्या सालांवर फार वाद झाला नाही. अठ्ठावन आलं आणि खुशालराव उठला. तो अकोटच्या जिनिंगमधला फिटर, अकोल्याच्या संघाचा कट्टर चाहता.

"आमच्या अकोल्याच्या हरिहरनं त्या साली नऊ गोल मारले. नऊ! अन् कप कोणाले? ज्यानं एक बी नाई मारला त्याले."

"बॅक गोल मारते का बे?" मी म्हणालो.

"मंग फाटकावरच्या चौकीदारालेच द्या ना कप. तो बी कोणाले आत येऊ देत नाई."

सगळे हसले. देवमनही हसला.

कमिटीचे प्रमुख केशवराव मास्तर. कप त्यांच्याच निवाड्यानं दिलेला. त्यांनी जुनी वही काढली आणि वाचलं, "अंतिम सामना, उत्तरार्ध. लेफ्ट बॅकने हरिहरचे तीन फटके गोलरेषेवर अडवले. सामना त्यानेच राखला." मग म्हणाले, "पूर्वार्धात मी पाहुण्यांच्या सरबराईत होतो. जेवढं पाहिलं तेवढंच लिहिलं. मला तरी निवाडा बरोबर वाटतो. पुढच्या रविवारी पक्कं करू."

देवमनचं हसणं थांबलं.

घरी जाताना तो फाटकापाशी उभा राहिला. "जानराव, मध्यंतरानंतर लेफ्टले कोण होता?"

मला हॉलमध्येच कळलं होतं. मध्यंतर संपल्यावर पंच ओरडला, "पलटा!" त्याला म्हणायचं होतं, संघांनी मैदानाच्या बाजू बदला. संघ गेले. आम्ही दोघांनी मात्र आपसातल्या जागाही बदलल्या. रोजची सवय. लक्षात आलं तोवर हरिहर अंगावर आला होता, मग तसेच खेळलो. दोघेही खाकीत, वरून धूळ. लांबून काय दिसणार?

"मी होतो," मी म्हणालो. "पण पूर्वार्धात तू पाच अडवले. मी मोजले हायेत."

"वहीत नाईत."

"वही गेली चुलीत. कोण इचारून राहिलं तुले?"

"कोणी नाई. म्हणूनच तं."

बुधवारी त्याचा घाव हलका पडला. मुकादमानं रूळ पाहून शिवी दिली. देवमननं ती जागा पुन्हा ठोकली, तरी मला भरवसा वाटेना. मेल गाडी त्यावरून नीट जाईपर्यंत मी तिथेच थांबलो.

गुरुवारी मैनाबाई पाण्याच्या नळावर भेटली. "भाऊजी, हे जेवून नाई राहिले. कप जाते का?"

"नाई जात," मी म्हणालो.

"जाऊ नका देऊ. फळा पाहाले माई माय तिवश्याहून येऊन राहिली."

शनिवारी मी देवमनला म्हणालो, गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नाही.

"छप्पन साली नागपूरले दीक्षेले उभं राहून म्हटलं, खोटं बोलणार नाई. तवा तू बी बाजूलेच होता."



रविवारी अठ्ठावन आलं तसा तो उठला. दोन्ही हात मागे. "मास्तर, तुमी पाहिला तो लेफ्ट बॅक मी नव्हतो. जानराव होता. आमी चुकून पलटलो होतो." एवढंच बोलून बसला. मागच्या बाकावर मैनाबाईची आई होती. तिनं शेजारणीला विचारलं, काय म्हणाला?

मास्तरांनी वही दोनदा वाचली. "मग कप जानरावचा."

मी उठलो. "मले नको. माझे तीन. त्यातला एक तं आपसूक काठीवर येऊन आदळला. त्याचे पहिल्या अर्ध्यात पाच. एक बी सोपा नव्हता."

"कोणी लिहिले?"

"लिहिले नाईत. मी पाहिले."

"तू त्याचा जोडीदार. तुझी साक्ष कशी धरू?"

तेवढ्यात खुशालराव बसल्या जागेवरून म्हणाला, "पाच नाई, चार. पाचवा बाहेरच चालला होता. मी गोलामागंच बसलो होतो." मग आपण काय बोलून गेलो ते कळून त्यानं तंबाखूची डबी काढली.

मास्तरांनी वही मिटली. शेवटी म्हणाले, "ज्या नोंदीवर कप दिला ती नोंदच चूक. आता सहा वर्षांनी ऐकीव गोष्टीवर दुसरी करणार नाही. अठ्ठावनची ओळ कोरी राहील."

माझ्या मते ते चुकले. चार मोठे की तीन, यात काय कठीण होतं? पण पेंटरनं साल रंगवलं आणि पुढे काही लिहिलं नाही.

सोमवारी कामावरून सुटल्यावर देवमन कप पिशवीत घालून मास्तरांच्या घरी गेला. मी सोबत होतो. मास्तर ओशाळले. "अरे, फळ्यावर नाव नाही म्हणून कप कशाला परत? राहू दे घरी."

देवमननं कप ओट्यावर ठेवला, अक्षरं त्यांच्याकडे करून. "कपावर बी नावच हाय, मास्तर."

मैनाबाई त्याच्यावर रागावली नाही. माझ्याशी मात्र वर्षभर बोलली नाही. कप जात नाही असं मी तिला सांगितलं होतं.