छातीचा घेर

मेंढ्याच्या छातीचा घेर घ्यायचा तर टेप पुढच्या पायांच्या लगेच मागून फिरवायची आणि लोकर दबेल पण मांस दबणार नाही, इतकी ओढायची. ते 'इतकी' तोंडाने शिकवता येत नाही. बोटांना कळावं लागतं. पैदास केंद्रातल्या मापवाल्याच्या बोटांना ते बावीस वर्षं कळत होतं. प्रत्येक जनावर तीनदा मोजून मधला आकडा लिहायचा, असा नियम. याचे तिन्ही आकडे एकच यायचे. मेंढ्याचं डोकं धरणारा त्याचा मेहुणा म्हणायचा, दाजी एकदा मोजतात आणि दोनदा पाठ म्हणून दाखवतात.

गेल्या महिन्यात पैदाशीसाठी तीस मेंढे मोजले. पंच्याऐंशी सेंटिमीटर भरले नाहीत म्हणून सहा बाद झाले. खाटकाचा टेम्पो त्यांना न्यायला गुरुवारी दहाला येणार होता.

बुधवारी जेवताना बायकोने त्याचा डावा हात धरून दिव्याकडे वळवला. दोन बोटांवर फोड होते. कुठे भाजलं, तिने विचारलं. त्याला सांगता येईना. दुपारी चहाचं पातेलं फडक्याशिवाय उतरवलं होतं, एवढं आठवलं. तिने मलम लावलं. लावल्याचं दिसलं, जाणवलं नाही. त्याने उरलेला भात संपवला आणि ताट उचललं.

ताट घासताना त्याला ते आकडे आठवले. शहाऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी. एकाच मेंढ्याचे. तेव्हा त्याने मेंढ्यावर खापर फोडलं होतं, उभा राहत नाही म्हणून.

गुरुवारी तो आठलाच केंद्राच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलापाशी उभा राहिला.

"बाई, त्या सहांची मापं धरू नका. माझ्या बोटांना टेप कळत नाही."

"कधीपासून?"

"तेही कळलं नाही."

मेहुण्याने त्याला दाराआड ओढलं. "दाजी, कशाला बोललात? सहा मेंढे गेले असते, कोण विचारणार होतं? आता टेप जाईल हातातली."

"जाऊ दे. तू डोकं धर."

बाईंनी स्वतः मोजलं. पहिल्या मेंढ्याला चार खेपा लागल्या, मग हात बसला. सहांतले चार पास झाले. दोन खरंच कमी होते. टेम्पो त्या दोघांना घेऊन गेला.

बाईंनी टेप गुंडाळली नाही. तुम्ही टेप कधी आवळली असेल, कधी सैल सोडली असेल, त्या म्हणाल्या. पास झालेले चोवीसही पुन्हा मोजायचे. उद्या दवाखान्यात जा, असंही सांगितलं. मग म्हणाल्या, "काका, आजपासून टेप माझ्याकडे."

त्याने मान हलवली. वाईट वाटायला हवं होतं. वाटेल पुढे कधीतरी.

वही लिहायला माणूस हवा होता. त्याने मेहुण्याला वहीवर बसवलं आणि स्वतः डोकं धरायला गेला. त्या कामाला बोटं लागत नाहीत. मेंढ्याचा जबडा कोपराच्या खोबणीत घ्यायचा, गुडघा त्याच्या खांद्याला टेकवायचा, पाठ भिंतीला लावून उभं राहायचं. सत्तर किलोचं जनावर उसळ्या मारतं. ढिलं सोडलं की माप चुकतं.

चौथ्या मेंढ्याने त्याला भिंतीवर दाबलं. मेहुणा वहीतून डोकं वर काढून म्हणाला, "आता कळलं ना दाजी, मी बावीस वर्षं काय फुकट खात नव्हतो?"

"लिही," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत बारा झाले. खांदा भरून आला होता. बारा उरले.