परत येणारी पॉवर

लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे रेडिओ-संपर्काच्या विभागात, मी चोवीस वर्षं काढली आणि सुभेदार म्हणून निवृत्त झालो. पहिली अवघड पोस्टिंग उत्तरेकडच्या बर्फात होती. एका सकाळी बर्फाच्या भारानं अँटेना वाकली आणि ट्रान्समीटर सारखा ट्रिप होऊन बंद पडायला लागला. मी तेव्हा नवखा होतो. घाईत सेटला जपणाऱ्या प्रोटेक्शन सर्किटवर तारेचा तुकडा टाकून ते बायपास केलं. दोन मिनिटांत सेट जळाला आणि पोस्ट साडेसहा तास मुकी राहिली. कंपनी कमांडर रागावले नाहीत. जळालेला ट्रान्झिस्टर माझ्या हातावर ठेवून ते निघून गेले.

आता मी बेंबळीत असतो. शेती आहे आणि हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स आहे. रोज सकाळी सातला रेडिओवर आमच्या हॅम मंडळींचं नेट लागतं, एकमेकांची हजेरी होते. तेरचा रामलिंग शिंदे त्यात नेमानं असे. माझ्याच युनिटमधला नाईक, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याचा सेट पाच वॅटचा, मोटरसायकलच्या बॅटरीवर चालणारा. माझ्याकडं मात्र घरी बांधलेला चारशे वॅटचा अॅम्प्लिफायर आहे.

लोक विचारतात, एसडब्ल्यूआर म्हणजे काय? मी त्यांना विहिरीवरची मोटर सांगतो. मोटर चालू ठेवून पुढचा व्हॉल्व्ह बंद केला, तर ताण मागं येतो. अँटेना बिघडली की तसंच होतं. पॉवर हवेत न जाता उलटी येते आणि अॅम्प्लिफायर जाळते. ती किती उलटी येते, हे सांगणारा आकडा म्हणजे एसडब्ल्यूआर; एकच्या जवळ असला की ठीक. म्हणून माझ्या अॅम्प्लिफायरमध्ये परत येणारी पॉवर मोजणारं सर्किट आहे. एसडब्ल्यूआर तीनच्या वर गेला की रिलेचा स्विच आपोआप पडतो, लाल दिवा लागतो आणि अॅम्प्लिफायर बाजूला होतो. ते सर्किट मी स्वतः बसवलंय.

एका पावसाळ्यात तेरणा नदीला पूर आला. सकाळपासून मोबाइल बंद होते. ११.०५ ला रामलिंगचा आवाज आला, बारीक पण स्वच्छ. नदीकाठच्या वस्तीवर एका स्लॅबच्या घरावर तेवीस माणसं अडकली होती, तो धरून. बोटी घेऊन बचाव पथक सोलापूरकडून निघालं होतं. त्यांच्या गाडीत एक हॅम होता, पण रामलिंगचे पाच वॅट त्याला ऐकू जात नव्हते. विजांची खरखर फार होती. मधला निरोप्या मी.

निरोप महत्त्वाचा होता. पथक नदीकाठच्या रस्त्यानं येत होतं आणि रामलिंग सांगत होता, त्या रस्त्यावरचा पूल पाण्याखाली गेलाय. त्यांना वरच्या माळावरून वळवायचं होतं.

मी अॅम्प्लिफायर लावला. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत वाऱ्याचा मोठा झोत आला आणि रिले पडला. लाल दिवा. मीटर चारच्या पुढं. खिडकीतून पाहिलं तर अँटेनाच्या तारेचं एक टोक तुटून गोठ्याच्या पत्र्यावर पडलं होतं. पॉवर कमी करून नुसत्या सेटवर हाका मारल्या. उत्तर नाही.

शेजारचे युनूसभाई माझ्याजवळ उभे होते. ट्रॅक्टरचे मिस्त्री, माझी अँटेना त्यांनीच उभी केलेली. ते म्हणाले, "सुभेदारसाब, ते सर्किट काढा अन् बोला. माणसं मरायलीत तिथं."

"काढलं तर दोन मिनिटं बोलता येईल, तेही तुटक्या तारेवरून पोचेलच असं नाही," मी म्हणालो. "पुढं दिवसभर मुकं. वायर वर घ्या."

त्यांनी वाद घातला नाही. वारा जरा पडला होता, विजा पूर्वेला सरकल्या होत्या. तरी धोका होताच. ते वायरला हात लावणार म्हणून मी सेटमधून अँटेनाची केबल काढून हातात धरली. त्यांनी पत्र्यावरून टोक सोडवलं, नवा तुकडा पिळून जोडला, दोरी लिंबाच्या फांदीवरून टाकून ओढली. चौदा मिनिटं लागली. तेवढा वेळ रामलिंगचं ऐकणंही बंद होतं. ती चौदा मिनिटं मला फार लांब वाटली.

केबल लावली. आधी दहा वॅट. एसडब्ल्यूआर १.४. मग अॅम्प्लिफायर, पॉवर हळूहळू वाढवत. लाल दिवा लागला नाही.

"पथक, पूल पाण्याखाली. माळावरून या. माळावरून. ओव्हर."

"रॉजर. माळावरून. वळतोय."

पुढचे साडेचार तास मी मधे बसून निरोप पोचवले. लहान पोरं किती, चालता न येणारं कोण, बोट कोणत्या भिंतीला लावायची. अॅम्प्लिफायर तापला, पण रिले पुन्हा पडला नाही. बायकोनं भाकरी आणून ठेवली, ती तशीच राहिली.

१६.१० ला रामलिंग बोलला. "सुभेदारसाहेब, एकवीस जण बोटीनं सुखरूप गेले. दोघं उरलो, मी अन् एक म्हातारी. बोट परत यायलीय. सेट बंद करतो. आऊट."

त्यानं म्हातारीला उचलून बोटीत दिलं. तो स्वतः उतरायच्या आत पायाखालची भिंत बसली. बोटवाल्यांनी दोर फेकला, तो त्याच्या हाती लागला नाही. रामलिंग तिसऱ्या दिवशी नदीच्या खालच्या अंगाला सापडला.

मी तेरला गेलो. शोभा, त्याची बायको, ओसरीवर बसली होती. तिनं मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग विचारलं, ते शेवटी काय बोलले. मी शब्द न शब्द सांगितलं.

"भ्याले होते का?"

"न्हाय," मी म्हणालो. "आवाज रोजच्या नेटवरचाच होता. आधी बाकीच्यांचा आकडा सांगितला. मग स्वतःचं."

तिनं मान हलवली. "घरी बी तसंच होतं त्यांचं," ती म्हणाली.