पुठ्ठ्याला कोण खाऊ घालतं?

आमच्या गल्लीतल्या बाइंडरचा कुणावरच विश्वास नाही. छापखान्यातून छापील पानांचे फर्मे आले की एकेक उलटून बघतो. कागदवाल्यासमोर रीम फोडतो आणि त्याच्यादेखत मोजतो. आमची मैत्री जुनी, पण मी दुकानातून उठलो की तो आधी कात्री जागेवर आहे का ते पाहतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. मी गिलाव्याचा गवंडी होतो. भिंत सरळ आहे असं कुणी सांगितलं तरी ओळंबा लावल्याशिवाय मीही मानलं नाही.

त्याचा भरवसा एकट्या बोक्यावर. रद्दी पुठ्ठ्यांच्या ढिगावर झोपतो म्हणून त्याचं नाव पुठ्ठ्या.

पुस्तकांना लावायची खळ बाइंडर स्वतः शिजवतो. मैदा, पाणी आणि पकड यावी म्हणून थोडा सरस. सरस हाडा-कातड्याचा, त्याला वास असतो. पूर्वी त्यात मोरचूदही पडायचा, म्हणजे झुरळ-उंदीर पुस्तकाला तोंड लावत नाहीत. मोरचूद विषारी. पुठ्ठ्या घरात आला आणि मोरचुदाची बरणी माळ्यावर गेली. "पंजा बुडवला आणि चाटला तर?" एवढंच म्हणाला. बिनमोरचुदाची खळ लवकर आंबते, पुन्हापुन्हा शिजवावी लागते. काम दुप्पट झालं. त्याबद्दल तो कधी कुरकुरला नाही. बाकी सगळ्याबद्दल कुरकुरला.

मग बोका सारखा पाणी प्यायला लागला. खायचा राक्षसासारखा आणि वाळत चालला होता. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. मधुमेह निघाला.

बाइंडरने इन्सुलिनचं काम शिवणकामासारखं शिकून घेतलं. बाटली जोरात हलवायची नाही, तळहातांत हळू फिरवायची. आधी खाणं, मग सुई. सुई भरली की खिडकीकडे धरून बुडबुडा राहिला का ते बघायचं. मानेमागची कातडी चिमटीत उचलायची आणि टोचायचं. बोक्याने जेवण टाकलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई नाही. मांजरांचे पाकिटातले कोरडे दाणे बंद. डब्यातलं मांस, नाहीतर उकडलेली कोंबडी, तीही वजन करून. हात इतका हलका की पुठ्ठ्या खाता खाता मान वरसुद्धा करायचा नाही.

तरी साखर उतरेना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाहेरचं काही खातोय का हा?"

त्यांनी सहज विचारलं. बाइंडरला तेवढं पुरलं.

पहिला संशय सुनेवर. ती दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहते.

"दूध घालतेस का त्याला?"

"बाबा, तुमच्या मुलाला वाढताना माझे हात दुखतात. बोक्याला कधी वाढू?"

"दूध घालतेस की नाही, तेवढं सांग."

"नाही."

हे 'नाही' त्याने ऐकलं, पण जमेला धरलं नाही. मग पाळी माझी. मी रोज तिसऱ्या प्रहरी त्याच्याकडे चहाला जातो, खिशात बिस्किटं असतात. एक दिवस गिऱ्हाईक समोर उभं असताना तो म्हणाला, "गवंडी, खिसे उलटे कर."

"कशाला?"

"चुरा बघायचाय."

"खिशात चुरा असणारच. बिस्किट मी खातो."

"तू खातोस ते मला दिसतं. खाली किती पडतं ते दिसत नाही."

मी खिसे उलटे केले, चहा अर्धा ठेवला आणि निघून आलो. परत गेलो नाही.

त्याच सुमारास डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन थोडं वाढवलं. आणि त्याच सुमारास एका वाचनालयाच्या फाटक्या पुस्तकांचं मोठं काम आलं. बाइंडरची रीत अशी, की आधी सगळी पुस्तकं उसवून शिवून घ्यायची आणि मगच खळीला हात लावायचा. तो आठवडाभर नुसता सुईदोरा घेऊन बसला होता. खळीचं भांडं धुऊन पालथं पडलेलं.

एका दुपारी सून पायात चप्पल न घालता माझ्या दारात आली. "काका, चला. पुठ्ठ्या पडलाय."

बोका आडवा पडून थरथरत होता. तोंडातून लाळ येत होती, डोळे उघडे होते आणि त्यांना काही दिसत नव्हतं. बाइंडर त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसला होता. हातातला दोरा तसाच बोटांना गुंडाळलेला. सुनेने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. साखर एकदम उतरली असणार, हिरड्यांना मध चोळा आणि लगेच घेऊन या, असं त्यांनी सांगितलं. बाइंडर बोटांवरचा दोरा सोडवत होता. मध मी चोळला. गोड भरवतो म्हणून झडती माझीच झाली होती, पण तेव्हा कुणाला ते आठवलं नाही.

पुठ्ठ्या वाचला. डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन कमी केलं आणि स्पष्ट सांगितलं, "हा आधी चोरून काहीतरी खात होता, ते आता बंद झालंय. काय ते शोधा. नाहीतर मी औषध कशाच्या हिशेबाने देऊ? पुढच्या वेळी उठेलच असं नाही."

दवाखान्याच्या पायरीवर बाइंडरने माझ्याकडे पाहिलं.

"तू यायचा थांबलास. त्यानंतर साखर उतरली."

"मग?"

"मग काय? जोडून बघ."

"मी केलेलं काम माझं म्हणतो. न केलेलं नाही."

बोक्याची टोपली मात्र घरापर्यंत दोघांनी मिळून धरली होती.

पुढचं सुनेने मला सांगितलं. शिवण संपली, खळ पुन्हा शिजली आणि साखर पुन्हा चढली. मी तर तिकडे फिरकतही नव्हतो. आता उरली सून. बाइंडरने संध्याकाळी जिन्याच्या दाराला बाइंडिंगचा दोरा आडवा बांधला, घोट्याच्या उंचीवर. सकाळी दोरा जसाच्या तसा होता.

"बाबा, मी उडी मारून आले असेन," सून म्हणाली.

तो हसला नाही. ती ओलं फडकं घेऊन पुठ्ठ्याचं तोंड पुसायला बसली आणि मध्येच थांबली.

"याच्या मिशा अशा कडक कशा? इस्त्री केल्यासारख्या?"

बाइंडरने मिशी बोटांत धरून चोळली. पांढरा भुगा निघाला. तोच भुगा त्याच्या स्वतःच्या नखांत जन्मभर बसलेला आहे. तो उठून खळीच्या भांड्यापाशी गेला. निवलेल्या खळीवर साय धरते. ती एका कडेने साफ गेली होती, आणि कुंचला धुतल्यासारखा चकचकीत.

तरी त्याने मान्य केलं नाही. भांडं तसंच ठेवून तो पुठ्ठ्यांच्या चळतीमागे बसला. थोड्या वेळाने बोका आला. त्याने इकडे तिकडे पाहिलंही नाही. पुढचे पाय मेजावर टेकले आणि आधी कुंचला चाटला, मग खळ.

दुसऱ्या दिवशी मला हाक आली. "गवंडी, चहा."

माझं स्टूल जागेवर होतं. खळीच्या भांड्यावर झाकण होतं आणि झाकणावर लोखंडी वजन. कुंचला धुऊन उंच खिळ्याला टांगलेला.

"सापडला का?" मी विचारलं.

"सापडला."

"कोण?"

"घरचाच."

पुठ्ठ्या ढिगावर झोपला होता. बाइंडरने झाकणावरचं वजन नीट मधोमध सरकवलं.

"मोरचूद होता तोवर भांडं कधी उघडं ठेवलं नाही," तो म्हणाला. "विष काढलं आणि झाकणही सोडलं. वाटलं, नुसत्या मैद्याने आता काय होणार आहे?"

माफी त्याने मागितली नाही, मला नकोही होती. औषधाचा हिशेब आता लागतो आहे. डॉक्टरीणबाईंनी मात्रा पुन्हा बसवून दिली आणि साखर तिथेच टिकून आहे.

चहा आला. मी खिशात हात घातला.

"थांब," बाइंडर म्हणाला आणि दुकानातला जुना पेपर माझ्या मांडीवर पसरला. "आता खा. चुरा यात पडू दे."

मी खाल्लं. त्याने पेपरची घडी घातली, बाहेर जाऊन झटकली आणि आत येता येता कात्री जागेवर आहे का ते पाहिलं.