सुपारीएवढी गाठ

दवाखान्यात नोकरी केली की किस्से साठतात. आमचे तर बहुतेक कमरेखालचे! घरी सांगायची सोय नाही, चारचौघांत तर नाहीच. मग ते आपल्याच पोटात राहतात.

निजामाच्या शेवटच्या वर्षांत मी कळंबच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टरसाहेब हैदराबादचे, त्यांची बोली उर्दू. पेशंट सगळे मराठी. मधे मी! औषधं कमी, तर्जुमा जास्त.

*

शिवलिंगप्पा नावाचे एक म्हातारे आडते होते. दर बाजारी यायचे. "गुडघा दुखतो." मी मलम द्यायचो, तरी ते जायचे नाहीत. बाकावर बसून राहायचे.

एकदा त्यांना बाजेवर घालून आणलं. लघवी तुंबलेली, ओटीपोट नगाऱ्यासारखं! साहेबांनी रबराची नळी घातली. पातेलं भरलं. म्हातारा लेकरासारखा रडला.

मी विचारलं, "आप्पा, गुडघा कसा आहे?"

"कुठला गुडघा?"

*

तेव्हापासून साहेब पाटीवर खडूनं चित्र काढायला लागले. वर मूत्राशय, खाली लघवीची नळी, नळीभोवती सुपारीएवढी गाठ. तिचं नाव प्रोस्टेट. वीर्यातलं थोडं पाणी तिच्यात तयार होतं. उतारवयात ती फुगते अन् नळी दाबते. "फुगली म्हणजे कॅन्सरच, असं नाही," हे मी दरवेळी मोठ्यानं सांगायचो.

एक पाटील मिशीवर हात फिरवत ऐकत होते. मी म्हणालो, "ही गाठ प्रत्येक पुरुषाला असते."

"आमच्या घराण्यात न्हाय!"

सगळे हसले. ते मात्र रांग संपेपर्यंत थांबले. मग दार लोटून हळूच म्हणाले, "ती... फुगली की इलाज असतो का?"

*

ढोकीकडची एक बाई एकटीच आली. "मालक रातचं सारखं उठत्यात. धार लई बारीक झालीया. त्येनला लाज वाटती. तुमी मलाच तपासा."

साहेब हसले. मी सांगितलं, "मावशी, ही गाठ बायकांना नसते."

"न्हाय व्हय? मग माझी झोप कशानं उडाली?"

पुढच्या बाजारी नवऱ्याला घेऊन आली. तो पुढं अन् ही मागं, पळून जाऊ नये म्हणून!

*

साहेबांचं कुटुंब हैदराबादेत. इथं ते एकटेच जेवायचे. मी घरी बोलवायचो.

"कल आता जी," म्हणायचे.

मी रोज बोलवायचो, ते रोज तेच म्हणायचे.

*

आणि म्हाळाप्पा. धनगर होता. बायको वारलेली, मूलबाळ नाही. मेंढरं पुतण्यांच्या हवाली करून काठी टेकत आला. कंबर इतकी दुखायची की बसवत नव्हतं.

साहेबांनी मागून बोट घालून गाठ तपासली. नुसती फुगलेली गाठ बोटाला रबरासारखी लागते. ही दगडासारखी होती. साहेबांचा चेहरा पडला. कॅन्सर, अन् तो हाडात उतरलेला.

हैदराबादच्या मोठ्या सर्जनना विचारून त्यांनी इलाज ठरवला. पुरुषाच्या अंडातून जो रस रक्तात जातो, त्यावर हा कॅन्सर पोसतो. अंडं काढली तर तो दबतो. "जड़ से नहीं जाता, मगर दर्द कम होगा. बोलो इनको."

कसं बोलू? मी चाचरत म्हणालो, "म्हाळाप्पा, जरा खालचं ऑपरेशन..."

"खच्ची करणार व्हय?"

मी मान खाली घातली.

"मेंढ्याला करतो की आमी. करा."

"घरच्यांना विचारायचं का?"

"इचारायला हाय कोण?"

दवाखान्यातच ऑपरेशन झालं. काही दिवसांत ठणका उतरला. म्हाळाप्पा खाटेवर उठून बसला, भाकरी मागितली. बाहेर बाजारची गर्दी, रांग दारापर्यंत आलेली. साहेब घाईत आत आले. "अब कैसा है?"

मी तर्जुमा केला.

"कंबर हलकी झाली." मग तो खिडकीकडं बघत म्हणाला, "मेंढ्याला खच्ची केलं, की आमी त्येच्यापाशी बसून ऱ्हातो, साहेब. पाठीवर हात ठिवून."

हे मी शब्दन् शब्द उर्दूत सांगितलं.

साहेबांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून माझ्या हातात दिला, स्टूल खाटेजवळ ओढलं अन् मला म्हणाले, "बाहर बोल दो, कल आना."