खटका तिनं बसवला

आमची कारभारीण कुणाच्याही घरी गेली की आधी दाराची कडी हलवून बघायची, मग चपला काढायची. पुतणीची सोयरीक जुळवायला आम्ही भूमला गेलो होतो, तर ही नवऱ्या मुलाच्या बापाला म्हणाली, "पावणं, पोरगं चांगलंय, पण तुमचा कोयंडा लई ढिला हाय. त्यो आधी नीट करा, मग लेक देतो." मला मान वर करता येईना. त्या माणसानं दुसऱ्या दिवशी कोयंडा बदलला आणि सोयरीक झाली.

मी चौथीपर्यंत शिकलेला लोहार. भूमशेजारच्या वाशीत आमचा भाता, म्हणजे लोहारकामाची भट्टी. लोहाराचं काम दोघांचं असतं, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. गडी बसून सांडशीत तापलेलं लोखंड धरतो आणि बाई उभी राहून घण मारते. पण लोकांची रीत अशी की ज्याच्या हातात सांडशी तो मिस्त्री, आणि घण मारणारी ती नुसती बाई. चाळीस वर्षं मीही तीच रीत मानली. आज चीड येते ती लोकांची, आणि त्याहून जास्त माझी.

तिची नजर माझ्यापेक्षा तयार होती. पाणी देऊन कडक केलेलं लोखंड पुन्हा हळूहळू तापवताना त्यावर रंग चढतात, आधी गव्हाळ, मग तांबूस, मग निळा. ती घण टेकवून माझ्या खांद्यावरून वाकायची. "थांबा. थांबा म्हणते न्हवं. मोराच्या मानेगत झालं की काढा." मी घाई केली की म्हणायची, "तुमाला भाकरबी कच्चीच चालती अन् लोखंडबी."

दोन-तीन वर्षांमागं कळंबचे एक अडतवाले अप्पा वडिलांच्या वेळची गाडी घेऊन आले. फुगीर नाकाची, गोल दिव्यांची. असली गाडी आता रस्त्यावर दिसत नाही. तिच्या बॉनेटचा खटका धरत नव्हता. येरमाळ्याच्या अलीकडं चालत्या गाडीचं बॉनेट उडून काचेवर आदळलं, पुढचं दिसेना, गाडी रस्त्याकडच्या चारीत गेली. शेजारी अप्पांची म्हातारी आई बसलेली. तिच्या डोक्याला टाके पडले. खटका बाजारात मिळत नव्हता, म्हणून कुणीतरी बॉनेट तारेनं बांधून दिलं होतं.

मी म्हणालो, स्प्रिंग मेलीय. नवी केली, मग आणखी एक केली. दोन दिवस गेले. बॉनेट आपटलं की बसायचं आणि हातानं उचकटलं की सुटायचं. शेवटी मी म्हणालो, "वरनं चामड्याचा पट्टा मारू."

ही भडकली. "त्यात त्याची आई बसणार हाय ना? बांधून ठिवलं म्हंजी नीट झालं व्हय?"

तिनं चुलीची काजळी तेलात कालवली आणि बॉनेटच्या आतल्या खुंटीच्या टोकाला लावली. बॉनेट हळूच टेकवलं, परत उचललं. "बघा आता." खुंटी ज्या भोकात शिरायची, त्याच्या काठावर काळा ठिपका पडला होता. बिजागऱ्या झिजून बॉनेट एका अंगाला उतरलं होतं. खुंटी तिरपी यायची आणि खटक्याच्या जिभेला नुसती टोकाला अडकायची. त्या घासण्यानं जीभही गुळगुळीत झालेली. दोन दिवस मी भलत्याच जागी हात मारत होतो. "खटक्याला कशाला शिव्या देता? खुंटीच वाकडी येती, त्यो बिचारा काय करंल?"

बिजागरीखाली पत्र्याचे तुकडे घालून तिनं बॉनेट सरळ करवून घेतलं. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून नवी जीभ घडवली. सांडशी माझ्या हातात होती, एवढंच माझं काम. घण तिचा, रंग बघणारा डोळा तिचा, कानसही तिनंच चालवली. बसवल्यावर खट् असा कोरडा आवाज आला. मी दोन्ही हातांनी जोर लावून उचकटून बघितलं, हललं नाही.

अप्पा आले, दहा वेळा उघडझाक करून बघितली. "मिस्त्री, तुमच्या हाताला सोन्याचं कडं घातलं पायजे," म्हणाले. मोबाइल काढला. ही गाडीला टेकून उभी होती, कोपरापर्यंत काळी. "मावशी, जरा बाजूला व्हा." ती बाजूला झाली. मी बॉनेटवर हात ठेवून हसत उभा राहिलो. 'अप्पा, हे हिनं केलं', चार शब्द लागत होते. निघाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाता पेटवला तर ही उंबऱ्यावर बसून. "ऊठ की, घण घे."

"फोटोत एकटं ऱ्हाता, मग घणबी एकट्यानंच मारा."

आठ दिवस भाता थंड. नवव्या दिवशी एक बाई खुरपं शेवटायला, म्हणजे तापवून धार काढायला घेऊन आली, तेव्हा ही आपणहून उठली. "माझं भांडण तुमच्याशी हाय, तिच्या खुरप्याशी न्हाय." मी माफी मागितली नाही. आपल्यात कुठं गडी माणूस बायकोची माफी मागतो, असं मनाला सांगितलं. गाढवपणा.

गेल्या माघात ती गेली. सकाळी छातीत कळ आली आणि दुपारी सगळं संपलं. तेरावं झाल्यावर अप्पा आले. सोबत त्यांचा मित्र, त्याचीही तसलीच जुनी गाडी आणि तसलाच खटका.

"मावशी गेल्याचं कळलं. लई साधी होती बिचारी," अप्पा म्हणाले.

"अप्पा, तुमच्या गाडीचा खटका तिनं बसवला. मला जमला नव्हता."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दुःखात माणूस असं बोलतोच, मिस्त्री. महिन्याभरानं येतो. तुमची कला कुठं जातीय?"

माझं डोकं फिरलं. खांद्यावरचा हात काढून टाकला. "कला जळाली नदीच्या कडंला. तुमची आई आज त्या गाडीत बिनघोर बसती, ती कुणामुळं? माझ्या कारभारणीच्या हातचा चहा किती वेळा पिलात? नाव सांगा तिचं. सांगा, आत्ता काम धरतो."

अप्पा मित्राकडं बघायला लागले. "आमी आपलं मावशीच म्हणायचो."

"मग जावा."

ते गेले. राग काही उतरेना, कारण अप्पांना तरी काय म्हणायचं? मीही जन्मभर 'अगं' आणि 'ऐकलं का' एवढ्यावरच भागवलं. लग्नात उखाण्यात नाव घेतलं असेल, तेवढंच.

भात्यापुढं उभा राहून मी मोठ्यानं हाक मारली, "शेवंता."

शेजारच्या टपरीवाल्यानं मान बाहेर काढली. "कोण वं शेवंता, तात्या?"

"मिस्त्री," मी म्हणालो. "इथली मिस्त्री."